खरवडलेली शेपटी

कॉलेजच्या डार्करूमच्या दारात चौधरी सर आधी आमचे हात बघत, मग तोंड. माझे हात त्यांना पहिल्याच दिवशी आवडले नाहीत. "ही बोटं स्टुडिओवाल्याची. काळ्याला गोरं करणाऱ्याची." खरंच होतं ते. चोपड्याला वडिलांच्या हाताखाली मी लग्नाच्या निगेटिव्हवरचे डाग काढायचो. आमच्या घरातून जळगावच्या कॉलेजात आलेला मी पहिलाच.

सर फिजिक्स शिकवत. "तुला विचारलं का?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्यांनीच विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं तरी तेच. मला त्यांचा रागच यायचा. पण हस्त नक्षत्राजवळच्या दीर्घिकांच्या एका जोडीसाठी ते तीन उन्हाळे दुर्बीण घेऊन गावाबाहेर जात होते. तिथे दोन दीर्घिका एकमेकींवर आदळून एक होत होत्या. त्या टकरीत बाहेर फेकल्या गेलेल्या ताऱ्यांच्या दोन लांब शेपट्या सरांना फोटोत हव्या होत्या. निवृत्तीच्या तोंडावर एकच निगेटिव्ह जमली. धुळ्याच्या प्रदर्शनासाठी तिची प्रिंट काढायचं काम त्यांनी मला दिलं. "बिघडवू नको," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, आपलं काम दाखवावं. निगेटिव्हवर, जिथे उजेड काळा उमटतो, उजवीकडे एक पुसट काळी रेघ होती. ब्लेडच्या टोकाने मी ती अलगद खरवडली.

सरांनी निगेटिव्हला भिंग लावलं. रागात ते घरच्या बोलीवर येत. "हाई कोनी साफ करं?"

"मी, सर. डाग होता."

"डाग नही रे, शेपटी शे ती! तुले कोनी सांगेल व्हतं?"

मी घाबरत म्हणालो, "प्रिंटवर ब्रशने काढून देतो, सर. हुबेहूब."

"आता खोटी लावशील? निघ!"

धुळ्यात फोटो लागला. खाली माझ्याच अक्षरात, माझ्या नावासकट पाटी: 'उजवीकडची शेपटी मी खरवडली आहे.' दोन दिवस सरांनी मला तिथेच उभं केलं होतं. पोरं "शेपटीकाप्या" म्हणून हसत गेली. एक कापडवाले शेठ मात्र वाकून बराच वेळ बघत राहिले.

"काहीच तर दिसत नाही, सर. उगाच पोराला बदनाम करता."

"दिसत नाही म्हणूनच पाटी लावली, शेठ."

त्यानंतर सर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या निवृत्तीच्या निरोपाच्या दिवशी रांगेत माझा नंबर आला, मी पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले आणि माझ्यामागच्या मुलाला म्हणाले, "ये."