अडलेली होळी

आमच्या घरची होळी सासऱ्यांबरोबर गेली. होळीच्याच दिवशी, पुरणाची डाळ शिजत असताना, ते अंगणात बसल्या जागी गेले. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तेरवी आटोपल्यावर मला कळलं की या घरात आता होळी होणार नाही. ज्या सणाला घरचं माणूस जातं, तो सण त्या घरापुरता अडतो. पुढे कधी त्याच सणाच्या दिवशी घरात मुलगा जन्मला किंवा गोठ्यातली गाय व्याली, तरच तो सुटतो. तोवर पुरण नाही, रंग नाही, दारात होळी नाही.

मी वर्ध्याहून कॉलेज करून आष्टी तालुक्यातल्या या गावात आलेली, आणि तोंडाची फटकळ. अजूनही आहे. मी सासूबाईंना सरळ विचारलं, "आई, हे ठरवलं कोणी?"

"मोठ्यायनं."

"कोणत्या मोठ्यायनं?"

"माह्या सासूनं मले सांगतलं. तिले तिच्या सासूनं सांगतलं असंन. तू काऊन पोलिसावानी इचारून राह्यली?"

विषय तिथेच संपला. निदान त्यांच्यापुरता.

आमच्याकडे होळीची तयारी माघातच सुरू होते. थंडी उतरणीला लागली की बायका शेणाच्या चाकोल्या थापतात. तळहाताएवढ्या चकत्या, मधोमध बोटाने पाडलेलं भोक. कडक वाळल्या की सुतळीत ओवून त्यांची माळ करायची. गावची होळी पेटली की तिथला विस्तव आणून प्रत्येक जण आपल्या दारात माळेची छोटी होळी लावतो. मुलांच्या गळ्यात साखरेच्या गाठ्या पडतात. दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, त्याच निखाऱ्यांवर पाणी तापवून सगळ्यांनी आंघोळ करायची, म्हणजे उन्हाळा बाधत नाही. हेही मोठ्यांनीच सांगितलेलं.

सासूबाईंचा हा सण जीव की प्राण होता. सासरे असताना गावातला पहिला रंग सासूबाईंच्याच हातचा असे, आणि एका वर्षी तर त्यांनी दिराला बैलांच्या हौदात ढकलून दिलं होतं, असं शेजारची वहिनी सांगायची. मी ज्या बाईला ओळखत होते ती होळीच्या संध्याकाळी चौकटीला हात टेकून उभी राहायची, दारोदारचा धूर बघायची आणि "डोयात जाते बाप्पा" म्हणत आत वळायची. शेजारून आमच्यासाठी पुरणपोळ्यांचं ताट यायचं. ते आम्हाला वाढून त्या स्वतः भाकरी-पिठलं खायच्या. मला त्यांचा राग यायचा आणि त्याहून जास्त त्यांची दया यायची. दोन्ही मी मनातच ठेवलं.

मग आमच्या ह्यांनी डोकं चालवलं. आष्टीच्या बाजारातून एक गाभण गाय आणली. विकणारा छातीठोकपणे म्हणाला होता, होळीला व्यायलीच समजा. काय बडदास्त ठेवली त्या गायीची! सरकी, ढेप, हिरवा चारा. सासूबाई रोज तिची कास चाचपून बघायच्या. ती महाशिवरात्रीला व्याली. होळीला अजून पंधरवडा होता. खरवस झकास झाला, पण खाताना सगळ्यांची तोंडं उतरलेली. "महादेवाची निघाली," एवढंच सासूबाई म्हणाल्या, आणि वासराच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या.

गोठ्यात वर एक माळा होता. एरवी तिथे कोणीही जावं, पण माघ लागला की सासूबाई मला अडवायच्या. "वर जाऊ नको वो. इंचू हाय." मी विंचवाला भिते, त्यामुळे कधी फिरकलेच नाही. धुळवडीचंही तसंच. वर्षभर आंघोळीचं पाणी गॅसवर तापलेलं चाले, त्या दिवशी मात्र त्या पहाटे उठून परसातल्या चुलीवर तापवायच्या. म्हाताऱ्या माणसाची लहर, असं मी धरून चालले.

या नियमाच्या मुळाशी काय असावं, यावर मी खूप डोकं खाजवलं. कुठे लिहिलेलं सापडलं नाही. मला वाटतं, माणूस गेलं की पुन्हा हसायला केव्हा लागायचं, हे ठरवणं घरच्यांना जड जात असेल. लवकर हसलं तर लोक नावं ठेवणार आणि आपलंही मन खाणार. मग कोणीतरी ते जन्माला येणाऱ्यावर सोपवून दिलं असेल. त्यात माया होती खरी. पण जन्मणारा आलाच नाही तर काय, हे त्या मायाळू माणसाला सुचलं नसावं.

गेल्या वर्षी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. कारंज्याला दिलेली, आमच्या घरची एकुलती लेक. दिवस होळीनंतरचे सांगितले होते, पण होळीच्या सकाळीच तिला कळा सुरू झाल्या. आम्ही तिला आष्टीच्या दवाखान्यात नेलं. दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप. ह्यांना तिथे ठेवून मी बाळंतिणीचं जेवण आणि कपडे न्यायला घरी आले, तेव्हा दिवस कलला होता आणि चौकात होळीची लाकडं रचून झाली होती.

ओसरीवर चुलत सासरे बसले होते. माझी बातमी ऐकून त्यांनी मान हलवली. "पोरगी झाली. अन् तेही लेकीची, म्हंजे दुसऱ्या घरची. हे काई मोजत नाई. मोठ्यायनं सांगतलं हाय."

मी भांडायला तोंड उघडलं होतं, पण सासूबाई आधी बोलल्या.

"भाऊजी, या घरात आता मोठं कोन हाय?"

चुलत सासरे चंची सोडून सुपारी शोधू लागले.

"मी हाय ना? मंग मी सांगून राह्यली, मोजते." आणि माझ्याकडे वळून, "जाय वो, माळ्यावर चढ. पोत्यायच्या मांगं पाह्य."

"आई, विंचू..."

"नाई तिथं इंचू-गिंचू. कवाच नोयता."

मी चढले. पोत्यांच्या मागे, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, चाकोल्यांची माळ होती. त्याच वर्षीची, खडखडीत वाळलेली. मी ती छातीशी धरून खाली आले.

"दरसाल करत होता?"

"करून ठेवा लागते. वेळेवर गाय व्याली असती त मी कोठून आनली असती?"

"मग त्या सगळ्या माळा गेल्या कुठे?"

त्या माळेवरची धूळ पदराने पुसू लागल्या. "जातीन कोठं? धुळवडीले तुमचं आंघोयीचं पानी तापोलं. तुमाले उन्हाळा बाधू नये म्हनून."