जाईचा ओरबाडलेला वेल

तोंड आलं की आमच्या गल्लीतले सगळे मालतीकाकूंच्या जाईकडे जातात. चार कोवळी पानं सावकाश चघळायची, रस तोंडात घोळवून थुंकायचा. दोन दिवसांत नीट जेवता येतं. काल मीही गेले. साधं वरण जिभेला लागलं तरी डोळ्यांत पाणी येत होतं.

वेल पाहून थबकलेच. वर छपरापाशी गच्च हिरवा, आणि खाली, हात पोचेल तिथपर्यंत, नुसत्या काड्या.

"काकू, कोणी ओरबाडला हो?"

"अगं, मीच," काकू हसल्या. "गालाच्या आत एक चट्टा आहे, दिवाळीपासूनचा. सकाळी मिश्री लावली की झोंबतं. मग पाला चघळते, बरं वाटतं."

अंगणात कैरीच्या फोडी वाळत होत्या. म्हणजे सहा महिने! तंबाखू भाजून केलेली ती मिश्री रोज त्याच जखमेवर, आणि वरून हा गार हिरवा रस. लहानपणापासून ज्या पानांचे मी उपकार मानले, त्यांनीच काकूंना इतके दिवस निर्धास्त ठेवलं होतं. आपण दुखणं बरं करतो, की नुसती त्याची समजूत घालतो?

"काकू, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला."

"काहीतरीच तुझं! तोंड आलं म्हणून कोणी डॉक्टरकडे जातं का?"

वेलाखाली स्टूल आधीपासूनच मांडलेलं होतं. काकू त्यावर चढल्या, वरची पानं तोडली. चार मला दिली, चार स्वतःच्या तोंडात टाकली.

माझी मुठीतच राहिली.