इंग्रजीत न अडखळणारे खासदार

पंचायत समितीपासून दिल्लीपर्यंत पोचलेले आमचे खासदार मुरुडला आले की बाबांबरोबर आमच्या ओटीवर चहा घेतात. भेटेल त्याच्या खांद्यावर हात ठेवून "आई बरी ना?" विचारतात. आई वारलेल्यांनाही. उत्तरासाठी थांबत नाहीत.

एकदा त्यांनी माझ्याकडून गावाला जेटी हवी म्हणून इंग्रजी भाषण लिहून घेतलं. जेटी नसल्यामुळे बायका होडीतली मासळी चिखलातून डोक्यावरून आणतात. आमच्या कोळीणमावशीचा पाय त्यातच मोडला होता, म्हणून मी मन लावून लिहिलं. त्यांनी ते माझ्यासमोर घोकलं.

ते संसदेत बोलणार त्या दिवशी मावशी माझ्या मोबाइलसमोर येऊन बसली. ते उठले, इंग्रजीत आपल्या नेत्याची भरघोस स्तुती केली आणि खाली बसले.

"जेटीचं काय बोलले गो?"

"काहीच नाही, मावशी."

"मंग उठले कशाला?"

पुढच्या खेपेला ते खुशीत होते. "पाहिलंस ना बेटा? एकदाही अडखळलो नाही!"

"पण जेटी राहिली," मी कसंबसं म्हणाले.

"अगं, राहू दे," ते बशीत चहा ओतत म्हणाले. "पुढच्या निवडणुकीला काहीतरी लागेल की."