कुंकू लागलेला निर्वात पंप

बंगळूरहून फिजिक्सची एम.एस्सी. करून भोकरदनला परत आले, तेव्हा वाटलं होतं की इथे भूत, करणी, ग्रहणात चिरलेली भाजी यांच्याशी भांडावं लागेल. त्याची सगळी तयारी करून आले होते. भाषणसुद्धा पाठ होतं! ज्युनिअर कॉलेजातल्या पहिल्याच तासाला अकरावीतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, त्या यानातल्या राक्षसाला हवा लागत न्हाई, तर त्याला नाक कशाला दिलंय?"

माझं भाषण घशातच राहिलं. इथे करणी नव्हती. राक्षस होता, आणि तोही परदेशी!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मुलीचं नाव वंदना, रोज पिंपळगाव रेणुकाईहून एसटीने यायची. गणपतीत त्यांच्या गावी व्हिडिओ आला होता, त्यात तिने हा राक्षस पाहिला होता. व्हिडिओ आणणारे सलीमभाई. भोकरदनात बसस्टँडच्या मागे त्यांचं व्हिडिओ सेंटर. मी त्यांना गाठलं आणि शनिवारी दुपारी, कॉलेज सुटल्यावर, मुलामुलींसाठी एक शो ठरवला. अट एकच: फक्त अंतराळातले भीतिपट, आणि नंतर त्यात खरं किती नि खोटं किती यावर भांडण. आमच्या विज्ञान मंडळाची ही स्थापना.

वर्षभरात इतके किस्से साठले की कुणी "तिकडे जाऊन काय केलंस?" असं विचारलं, की कुठून सुरू करू कळत नाही.

*

सलीमभाईंची पद्धत आधी सांगायला हवी. कॅसेट इंग्रजी, पब्लिक भोकरदनची, त्यात मुलांमागे घुसलेली मोठी माणसंसुद्धा. म्हणून सलीमभाई हातात काठी घेऊन टीव्हीच्या शेजारी उभे राहायचे आणि पिक्चर 'सांगायचे'.

"हा कॅप्टन. बिलकुल कुणाचं ऐकत न्हाई. ही डाक्टरबाई. ती म्हणून राह्यली, या ग्रहावर उतरू नगा. हा म्हणून राह्यला, खर्चा झालाय, आता उतरणारच!"

मी एकदा हळूच म्हटलं, "सलीमभाई, तो खर्चाचं काही बोललाच नाही."

"मॅडम, इतक्या दूर रॉकेट घेऊन गेला, खर्चा झाला न्हाई व्हय?"

पुढच्या शनिवारपासून काठीच्या एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला मी. ते पिक्चर सांगायचे, मी फिजिक्स.

*

एका पिक्चरमध्ये राक्षस सकाळी तळहाताएवढा होता. संध्याकाळी त्याचं डोकं यानाच्या छताला लागलं. हॉल घाबरला. वंदना मात्र उभी राहिली.

"आमचं वासरू दिवसभर चरतं, तरी त्याची गाय व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. यानं काय खाल्लं?"

बायोलॉजीचे गायकवाड सर आमच्या मंडळाचे उपाध्यक्ष. राक्षसांवर त्यांचा फार जीव. ते म्हणाले, "अगं, परग्रहावरचा जीव आहे तो. त्याचा चयापचय वेगळा असू शकतो."

"चयापचय कसा बी असू द्या सर, चारा कुठं गेला?"

मी आनंदाने टाळ्याच वाजवल्या. वस्तुमानाची अक्षय्यता मी तीन तास शिकवली होती आणि वर्गात निम्मी पोरं पेंगली होती. आता हॉलभर तीच चर्चा! त्या दिवसापासून खोटेपणा दिसला की कुणीतरी ओरडायचंच, "चारा कुठं गेला?"

*

गायकवाड सरांच्या घटक चाचणीत प्रश्न होता: पृष्ठवंशी प्राण्याचे एक उदाहरण द्या. एका पोराने शनिवारच्या राक्षसाचं नाव लिहिलं. सरांनी त्याला अर्धा मार्क दिला!

स्टाफरूममध्ये बोंब झाली. सर शांतपणे म्हणाले, "तो वळला तेव्हा कणा मला स्वतःला दिसला होता. पण मणके मोजता आले नाहीत, म्हणून अर्धा कापला."

*

बाहेर गेलेल्या गड्याला संसर्ग झालाय, तो यानाच्या दारावर थापा मारतोय आणि कॅप्टन दार उघडायला निघालाय. अशा पिक्चरमध्ये हे हटकून असतंच.

त्या सुमारास तालुक्यात जनावरांना लाळ्या-खुरकूत लागलेली. गुरांचा बाजार बंद, आजारी बैल शेताच्या दुसऱ्या टोकाला बांधलेले. अख्खा हॉल चिडला. "उघडू नको! येडा हाय का ह्यो? आजारी जनावर गोठ्यात घेतंय का कुणी?"

पब्लिक इतकी तापली की सलीमभाई घाबरले. पडद्यावर दार उघडत होतं आणि सलीमभाई काठी आपटून सांगत होते, "कॅप्टननं दार उघडलं न्हाई! बिलकुल उघडलं न्हाई!"

"मंग हा आत कसा आला?"

सलीमभाईंनी काठी टीव्हीच्या कडेला टेकवली. "खिडकीतून!"

आता मी तापले. "सलीमभाई, यानाची खिडकी उघडली तर सगळी हवा बाहेर जाईल! सगळे मरतील!"

"मॅडम, जरा दम धरा," सलीमभाई म्हणाले, "तसे बी सगळे मरूनच राह्यलेत."

*

आता आवाजाची गोष्ट. इथून पुढे भांडण खरं झालं.

पिक्चरमध्ये यान फुटलं की 'धडाम' व्हायचं. मला ते सहन व्हायचं नाही. बाहेर हवा नाही, तर आवाज वाहून कोण आणणार? मी सलीमभाईंच्या मागे लागले. कॅमेरा यानाच्या बाहेर गेला की व्हॉल्यूम शून्य. आत आला की पुन्हा चालू. त्यांनी कबूल केलं.

पुढच्या शनिवारी यान फुटलं. आगीचा लोळ उठला, तुकडे उडाले आणि हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता!

"साऊंड! ए सलीम, साऊंड दे!" मागून दोन चपला आल्या.

सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आत वंदना खुर्चीवर उभी राहिली. "साऊंड बराबर हाय! तिथं हवाच न्हाई, आवाज कसा येईल?"

मागून एक जाडा आवाज आला, "तू गेल्ती का बघायला?"

हॉल फुटला. पोरं खुर्च्या बडवून हसली. वंदना खाली बसली.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. सोमवारी वर्गात भेटली, तेव्हा मान खाली.

"मॅडम, पुस्तकात हाय म्हणून म्हणलं. मी तरी कुठं पाह्यलंय? तुम्ही पाह्यलंय का?"

"हो. बंगळूरला. काचेच्या हंडीत सेलवरची विजेची घंटा वाजत ठेवायची आणि पंपाने आतली हवा काढून घ्यायची."

"मंग आम्हाला बी दाखवा," ती म्हणाली. "न्हाई तर तो बराबर आणि मी येडी."

*

कॉलेजात निर्वात पंप होता! हाताने फिरवायचा, सोबत काचेची हंडी. प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात, कुलपाच्या आत. दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं. इतके दसरे झाले होते की लोखंड शोधावं लागत होतं.

मी प्राचार्यांकडे किल्ली मागितली.

"मॅडम, नाजूक वस्तू आहे. ती इन्स्पेक्शनला दाखवायची असते."

"चालवून?"

"चालवून कशी? दाखवून!"

मग त्यांनी आवाज खाली आणला. मी तासिका तत्त्वावर होते, ऑर्डर दर जूनला नवी व्हायची आणि सही संस्थेच्या अध्यक्षांची. अध्यक्षांना गावात सगळे अण्णा म्हणायचे. "अण्णांच्या कानावर गेलंय. विज्ञान मंडळात भुतं दाखवतात, पोरी व्हिडिओत बसतात. आणि वर आवाजच नसतो म्हणून सांगता. अण्णा म्हणाले, पिक्चर काढणारे एवढे शास्त्रज्ञ काय येडे हायेत?"

"सर, म्हणूनच पंप द्या. पाच मिनिटांत ठरेल कोण वेडं ते."

"म्हणूनच देत नाही," प्राचार्य म्हणाले. त्यांनाही नोकरी होती.

*

शनिवारी कॉलेज सुटलं. कुलपाला मी हात लावला नाही. सलीमभाईंचा व्हीसीआर उघडायचा स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि कपाटाच्या बिजागऱ्या काढल्या. दार कुलपासकट शेजारी उभं करून ठेवलं. गायकवाड सरांनी पंप उचलला, मी हंडी, वंदनाने घंटा आणि सेल. भरबाजारातून वरात निघाली.

व्हिडिओ सेंटरात टीव्ही बाजूला सरकवला. हंडीच्या कडेला व्हॅसलीन लावलं. घंटा सुरू केली, वर हंडी बसवली. गायकवाड सर दांडा फिरवायला लागले. जुनं तेल, जुनं कुंकू, वर सरांचा घाम. सरांचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले.

"सर," वंदना म्हणाली, "तुम्ही कुणाला मारून आले का?"

तेवढ्यात दाराशी जीप थांबली. अण्णा आले, मागे प्राचार्य. हॉल उठून उभा राहिला. अण्णा मागच्या खुर्चीवर बसले. "चालू द्या," म्हणाले, "बघू तरी काय चाललंय."

सर फिरवत राहिले. सलीमभाईंनी सवयीने काठी उचलली. "ही घंटा. वाजून राह्यली. आता हवा चालली... चालली... आवाज कमी... बघा..."

मग तेही गप्प झाले. घंटेवर टोला पडताना दिसत होता. ऐकू येत नव्हता. लहानपणापासून सिनेमाघरात बसतेय, पण अख्खा हॉल असा कान देऊन गप्प बसलेला मी तोवर पाहिला नव्हता.

वंदनाने हंडीला कान लावला. "मॅडम, अजून बारीक येतोय."

"पंप जुना आहे. थोडी हवा उरलीय आत."

"घंटा बिघडली," मागून अण्णा म्हणाले.

वंदनाने माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच हो म्हटलं. तिने झडप सैल केली. फुस्स करून हवा आत गेली आणि घंटा हॉलभर खणखणली!

"सुधारली," अण्णा म्हणाले. "सेल ढिला असंल. त्यात काय शास्त्र हाय? वर अंतराळात आवाज असतो म्हणजे असतो."

आणि तोच जाडा आवाज, वंदनाला हसणारा, अण्णांच्या दोन खुर्च्या पलीकडून आला:

"अण्णा, तुम्ही गेल्ते का बघायला?"

हसण्याने पत्रे हादरले. अण्णा उठले, धोतर झटकलं. दारात थांबून माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, सोमवारी पंप कपाटात पाहिजे. आणि ही थेरं बंद. न्हाई तर जूनमध्ये यायचं काम न्हाई."

जीप गेली. गायकवाड सर लाल हात पुसत म्हणाले, "मॅडम, ठेवून देऊ या. दाखवून तर झालं ना?"

"आमच्या गावात कुठं झालं?" वंदना म्हणाली. "तिथं अजून समदे धडामच म्हणून राह्यलेत."

*

त्याच संध्याकाळी ठरवलं, वंदनाला आणि सलीमभाईंना सांगितलं आणि रविवारी सकाळी पंप उचलला. आईला सांगितलं, जूनच्या ऑर्डरची वाट बघू नकोस. वाटेत कॉलेजचा शिपाई भेटला. पंपाकडे बघून घाबराघुबरा झाला. "मॅडम, साहेबांना काय सांगू?"

"सांग, दाखवायची वस्तू आहे, दाखवायला नेलीय."

स्टँडवर वंदना आली होती. आदल्या रात्री ती भोकरदनातच मावशीकडे राहिली होती. शिवाय सलीमभाई, काठी घेऊन! "मॅडम, माझ्याशिवाय सांगणार कोण?"

पिंपळगाव रेणुकाईच्या गाडीत आम्ही बसलो. पंप माझ्या पायाशी, हंडी वंदनाच्या मांडीवर. कंडक्टर आले, त्यांनी हंडीवर टिचकी मारली.

"काय हाय यात?"

"सध्या हवा हाय," वंदना म्हणाली. "पिंपळगावात उतरल्यावर काहीच नसंल."

कंडक्टरांनी वाकून हंडीत पुन्हा एकदा डोकावून बघितलं. मग आमची तीन तिकिटं फाडली आणि शेवटच्या बाकाकडे बघून ओरडले, "ए, ती पिशवी उचला पुढची! बाईंची हंडी ठेवायला जागा करा!"