जांभळ्या शर्टातले दोघे

गल्लीतल्या न्हाव्याला सगळे 'छापखाना' म्हणत. त्याला केस कापायची एकच तऱ्हा येत असे, पण ती अशी फर्मास येत असे की बँकेचा मॅनेजर असो नाहीतर दूधवाला, खुर्चीतून उठला की मागून सारखाच दिसे. मानेवर पट्टीने आखल्यासारखी रेघ, कानामागे गुळगुळीत. बायका बाजारात भलत्याच्याच नवऱ्याला हाक मारून ओशाळत. छापखान्याचं स्वतःचं डोकं त्याचा धाकटा भाऊ कापायचा. अर्थात त्याच छापाचं.

दिवसभर याच्या तोंडाचा पट्टा सुरू असे. पण शेजारची लॉन्ड्रीवाली दारात आली की गडी एकदम मुका. कात्री तेवढी हवेत कचकच करत राही आणि गिऱ्हाईक कान सांभाळून बसे.

लॉन्ड्रीवाली माणसं ओळखायची ती शर्टांवरून. चेहरा विसरेल, पण कॉलर विसरायची नाही. एकदा ड्रायव्हिंग मास्तरांचा जांभळा शर्ट इस्त्री करताना ती म्हणाली, "रंग काय झकास आहे!" मास्तर तिला गाडी शिकवत होते, त्यामुळे छापखान्याला ते चांगलंच झोंबलं. दुसऱ्याच दिवशी त्यानेही तस्साच शर्ट आणला आणि घालायचं धाडस न झाल्यामुळे कपाटात लपवला.

मग मास्तर केस कापायला आले.

"मागून जरा नीट काप रे. रविवारी तिच्या मामांकडे पार्टी आहे ना, तिथं सगळ्यांसमोर मागणी घालतोय."

हातात वस्तरा असूनही छापखान्याने ती मान सुखरूप ठेवली. सज्जनपणाची कमाल म्हणायची!

रविवारी मात्र त्याने ठरवलं, आज बोलायचंच. जांभळा शर्ट घातला आणि मामांच्या घरी पोचला. बैठकीची खोली माणसांनी खचाखच भरली होती. तो भिंतीवरचं चित्र बघत धीर गोळा करतोय, तोच मागून पाठीत सणसणीत थाप बसली.

"मास्तर, आज सोक्षमोक्ष लावून टाका! मी तुमच्या बाजूने आहे!" एवढं बोलून मामा सरबताचा ट्रे सांभाळत पुढे निघूनही गेले.

छापखान्याचा उरलासुरला धीरही सुटला. मामाच फितूर! तो स्वयंपाकघरात शिरला आणि काहीतरी करायचं म्हणून सिंकमधले ग्लास घासू लागला.

मागे पावलं वाजली. पाठोपाठ लॉन्ड्रीवालीचा आवाज आला.

"मास्तर, वळू नका. तुम्ही वळलात तर मला बोलता येणार नाही."

वळून सांगावं की मी तो नव्हे? पण वळू नका म्हणालीय. तिचं म्हणणं त्याने आजवर कधी मोडलं नव्हतं.

"तुम्ही आज काय विचारणार, ते मामांनी सांगितलंय मला. माणूस म्हणून तुम्ही चांगले आहात. पण मी गाडी चालवताना तुमचा पाय कायम ब्रेकवर! रस्ता मोकळा असला तरी ब्रेक. जन्मभर असं शेजारी कोण बसवून घेईल?"

छापखान्याने ग्लास आणखी जोरात घासला.

"आणि खरं सांगू? मला दुसराच कुणीतरी आवडतो."

त्याने घसा खाकरला. आवाज शक्य तितका जाड केला. "कोण?"

"तुमचे केस कापतो तो! माझ्या दुकानातली वीज गेली तेव्हा आठवडाभर त्याच्या दुकानात इस्त्री लावून बसले होते. गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली, तर म्हणाला, बसायचं तर बसा, नाहीतर वाढलेल्या केसांनी हिंडा. माझ्याशी मात्र चकार शब्द नाही! मी काय म्हातारी होईपर्यंत वाट बघू त्या घुम्याची?"

"नका बघू," छापखाना म्हणाला आणि वळला. दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाने माखलेले, चेहऱ्यावर घाम.

लॉन्ड्रीवाली किंचाळलीच. मग शर्टाकडे बघितलं, चेहऱ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"अहो, हा शर्ट..."

"तुम्हाला रंग आवडला होता ना, म्हणून आणला."

"एवढं केलंत, आणि विचारायला काय झालं होतं?"

किंकाळी ऐकून मामा धावत आले, त्यांच्यामागे खरे मास्तर आणि त्यांच्यामागे निम्मी पार्टी. दोन जांभळे शर्ट समोरासमोर बघून मामांचा चेहरा पडला; मघाची थाप कुणाच्या पाठीत घातली हे त्यांना आत्ता कळलं.

मास्तरांनी पुढे होऊन छाती फुगवली. "सगळ्यांसमोर मला एक विचारायचंय..."

"थांबा मास्तर, आधी माझा नंबर!" छापखान्याचा आवाज पार बाहेरच्या जिन्यापर्यंत गेला. "माझ्याशी लग्न कराल का? गाडी तुम्ही चालवा. मला ब्रेक कुठे असतो तेसुद्धा माहीत नाही!"

"करीन की!" ती म्हणाली. "आधी ते हात धुवा."

हात धुवायला वेळ कुणाला होता? तिनेच त्याचा साबणाचा हात धरला आणि त्याला भर बैठकीत नेऊन उभं केलं. फेसाचे ठिपके गालिच्यावर, पाहुण्यांच्या बुटांवर, सगळीकडे. सगळ्यांत आधी मामांनी टाळी वाजवली.