नाकाची नोकरी

"खिडकी उघडता का जरा?"

कुणाच्याही घरी गेला की हा माणूस उंबऱ्यावरच थांबायचा, कोंबड्यासारखी हनुवटी वर करायचा, डोळे मिटायचा आणि हे वाक्य टाकायचा. बाकी रामराम-श्यामश्याम नंतर. माझ्या बायकोला सुरुवातीला हा सरळ अपमान वाटला. "आपल्या घराला वास येतो असं म्हणायचंय का त्यांना?" मी म्हटलं, वास प्रत्येक घराला येतो, घरच्यांना येत नाही इतकंच. पुढे पुढे जिन्यात त्याच्या चपला वाजल्या की ती आपणहून खिडकीकडे धावायची. डास आत आले तर मार मला.

घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्याला नाकवाले म्हणत. आडनाव काहीतरी वेगळंच होतं, पण ते फक्त लाइटबिलावर असायचं.

आता मी जे सांगतो त्यातलं निम्मं सोडून द्या, मला वाढवून सांगायची खोड आहे. उरलेल्या निम्म्याची मात्र शपथ घेतो. एकदा मी जिन्याने वर येत होतो, हा खाली जात होता. मला म्हणाला, "तुझ्याकडे आज शेपू आहे. आणि तू तो खाणार नाहीस." शेपू तेव्हा पिशवीत होता, पिशवी बायकोच्या हातात होती आणि बायको अजून भाजीवाल्याकडे होती. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकांचा मुलगा पुण्याला होस्टेलवर. त्याची मळक्या कपड्यांची बॅग घरी आली, हा शेजारून गेला आणि हळूच म्हणाला, "काका, पोराला सांगा, निदान फिल्टरवाली ओढ."

आमच्याकडे मुली बघायला पाहुणे आले की मुलीचे वडील त्याला मामा म्हणून बसवत. हा चहा घ्यायचा, चार शब्द बोलायचा आणि पाहुणे गेल्यावर निकाल द्यायचा. "मुलगा चांगला आहे. फक्त बडीशेप फार खातो." दुपारी चार वाजता एवढी बडीशेप माणूस का खातो हे सुज्ञांना सांगायला नको. त्याने एक लग्न असं मोडलं. ती मुलगी आज सुखात आहे, दुसऱ्याबरोबर.

हा त्याचा धंदाच होता. अंधेरीला मरोळच्या बाजूला एक कंपनी होती, साबण, शाम्पू, अगरबत्ती यांना सुगंध पुरवणारी. तिथे हा दिवसभर कागदाच्या पट्ट्या हुंगत बसायचा. नवा माल आला की पट्टी बुडवायची, नाकाखाली धरायची, आणि पास की नापास ते सांगायचं. तुम्ही आज अंगाला जो मोगरा फासून बाहेर पडलात, तो कदाचित यानेच पास केलेला असेल. निदान तो तसं सांगायचा. बसमध्ये शेजारचा माणूस घमघमला की अभिमानाने मला कोपर मारायचा. "आमचा."

पण त्या नाकापायी त्याच्या घराने जे सोसलं ते वेगळंच. आठवड्याचे सातही दिवस घरात कसलाच वास नको. लसूण नको, केसांना तेल लावायचं ते बिनवासाचं, कपडे धुवायचे ते त्या पांढऱ्या मुक्या साबणाने. कपाटावर बुद्धाची मूर्ती होती, तिच्यापुढे अगरबत्ती नुसती खोवलेली असायची, न पेटवलेली. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणायच्या, "भगवान समजून घेतात, ते स्वतः घर सोडून गेलेले." वहिनींना गजऱ्याचं भारी वेड. बाजारातून येताना माळायच्या आणि दाराशी आल्या की काढून बाहेरच्या कडीला अडकवायच्या. आमच्या मजल्यावरच्या त्या कडीला जेवढा मोगरा मिळाला तेवढा देवीलाही मिळाला नसेल.

मग कंपनी विकली गेली. नव्या मालकाने लॅब उचलून गुजरातेत नेली, आणि माणसांऐवजी एक मशीन बसवलं. हा म्हणाला, "मशीनला कळतं काय काय घातलंय ते. कसं वाटतं ते कुठे कळतं?" बरोबर होतं त्याचं. पण कसं वाटतं हे विचारणारं आता कुणी उरलं नव्हतं.

महिन्याभरात दुसरी नोकरी मिळेल असं तो धरून चालला होता, आम्हीही. वर्ष उलटलं. पन्नाशी ओलांडलेलं नाक कुणाला हवं असतं? त्यातून मुलाखती सगळ्या मोबाइलवर. एक मी डोळ्यांनी पाहिली. हा इस्त्रीचा शर्ट घालून, खाली लुंगी, मोबाइल डब्याला टेकवून बसलेला. पलीकडे एक पोरगी.

"सर, तुमचं मेन स्किल काय?"

"वास घेतो."

"सर, व्हॉइस ब्रेक होतोय."

"वास. वास घेतो मी. काहीतरी द्या, सांगतो काय आहे."

ती बिचारी काय देणार? तिने "थँक यू सर" दिलं.

एकच आशा होती. भिवंडीला एका अत्तरवाल्याचा नवा कारखाना होत होता. त्याने याचं नाक पूर्वी पाहिलेलं. तो म्हणाला होता, "तुम्हीच हवे आहात. दिवाळीनंतर बघू." कोणत्या दिवाळीनंतर ते म्हणाला नव्हता. हा रोज सकाळी फ्रिजमधल्या अंड्यांच्या खाचांतून छोट्या बाटल्या काढायचा आणि रियाज करायचा. गवयी गळा जपतो तसं. घरात अंडी येणं कधीच थांबलं होतं, त्यामुळे जागेची अडचण नव्हती.

अशात वहिनींच्या भावाने एक नोकरी आणली. माहुलला एक यार्ड होतं, केमिकलची रिकामी पिंपं धुऊन परत विकायची. तिथे सुपरवायझर हवा होता. पगार जुन्याच्या निम्म्याहून कमी, अकरा महिन्यांचं कंत्राट, सुट्टी मिळाली तर मिळाली.

"दाजी, सोमवारपर्यंत हो-नाही सांगा," मेहुणा म्हणाला. "मागे लाइन लागलीये."

"तिथे बसलो तर नाक जाईल रे माझं."

"नाक राहून काय करतंय सध्या?"

हे वाक्य बिल्डिंगभर झालं. संध्याकाळी खाली बाकांवर मंडळ बसलं. ज्याला त्याला मत. जोशीकाका म्हणाले, "घे बाबा. नाकाने काय पोट भरतं?"

"आजवर त्यानेच भरलं," हा म्हणाला.

तळमजल्यावरचा टेलर म्हणाला, अजिबात घेऊ नको, एकदा माणूस पिंपं धुवायला लागला की परत त्याला कुणी अत्तराजवळ उभं करत नाही. दोघांचंही बरोबर होतं. म्हणून तर वाट लागली होती.

शुक्रवारी तो म्हणाला, "चल, बघून तरी येऊ." आम्ही गेलो. माहुलच्या कोळीवाड्यापाशी बायका जवळा वाळत घालत होत्या, तिथे हा थांबला, छाती भरून श्वास घेतला आणि खूश झाला. "बघ, हा खरा. याला कुणी पास करावं लागत नाही." पुढे वळण घेतलं आणि यार्डाचं फाटक आलं. मी काय सांगू? माझं नाक म्हणजे नुसतं चष्मा टेकवायची सोय, पण माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं. थिनर, जुना रंग, आणि त्याखाली काहीतरी गोडसर, सडकं. हा फाटकाला धरून उभा राहिला. चेहरा चुन्यासारखा.

एक बाई पिंपात अर्धी वाकून घासत होती. तिने मान वर केली. "नवीन का काका? आठ दिवस डोकं दुखतं. मग काही नाही वाटत."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. माझा डबा उघडला तरी मला कळत नाही काय आणलंय. बघावं लागतं."

ती सहज सांगत होती, दिलासा द्यायला.  परतीच्या बसमध्ये शेजारी एक घमघमीत माणूस येऊन बसला, तरी याने मला कोपर मारलं नाही.

घरी आल्यावर त्याने सांगून टाकलं, नाही घेत. दिवाळीपर्यंत थांबू.  वहिनी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "भाऊजी, माणूस मोठा की त्याचं नाक मोठं?" माझ्याकडे उत्तर एक नव्हतं.  दोन होती.

शनिवारी त्यांची मुलगी संध्याकाळी क्लासहून आली. बारावीला होती, दिसायला वहिनींसारखी, बोलायला बापासारखी. मी तिथेच बसलो होतो. ती जवळून आत जायला लागली आणि याने हात आडवा केला. हनुवटी वर, डोळे मिटलेले.

"कॉफी," तो म्हणाला. "भाजलेली. आणि करपलेलं दूध. आणि केसांत हाच वास कालचाही आहे."

"मैत्रिणीबरोबर गेले होते, बाबा."

"एका कपाचा वास नाहीये हा, पोरी. उभं राहिल्याचा वास आहे."

तिने पाठीवरची सॅक खाली ठेवली. मग म्हणाली, "मॉलमध्ये कॉफीच्या काउंटरला कामाला जाते. क्लास सोडला. तुम्ही दिवाळीपर्यंत थांबा ना बाबा, माझं चाललंय."

नाकाने शेवटी नाकाविरुद्धच साक्ष दिली. याने मेहुण्याला फोन लावला, तिथेच, आमच्यासमोर. "येतो सोमवारी." एवढंच. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं, चेहऱ्यावर काही नव्हतं तरी.

रविवारी त्याने जे केलं ते आमच्या बिल्डिंगमध्ये ना कधी झालं ना होईल. सकाळपासून तो एकेक दार वाजवत फिरला आणि उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला, "खिडकी लावता का जरा?" लोकांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. पण लावल्या. मग तो सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात जायचा आणि उभा राहायचा. जोशीकाकांकडे मेतकूट आणि जुन्या वर्तमानपत्रांचा वास होता, तिथे बराच वेळ उभा. टेलरकडे गरम इस्त्रीखालचं ओलं कापड. आमच्याकडे आला तेव्हा माझ्या बायकोने न विचारता कढल्यात तेल तापवलं, मोहरी टाकली, हिंग टाकला. कशावर ओतायची नव्हतीच ती फोडणी. नुसती केली. हा त्या वाफेत मान घालून उभा राहिला, आणि निघताना तिला नमस्कार केला. वाकून. त्या आधी त्याने तिला कधी नीट नमस्कारसुद्धा केला नव्हता.

संध्याकाळी त्याच्या घरी मला बोलावलं. वहिनींनी गजरा माळलेला, घरात. मूर्तीपुढची अगरबत्ती पेटवलेली. हा तिच्यासमोर मांडी घालून बसला होता.

"आमचीच आहे ही," तो म्हणाला. "मीच पास केली होती." एकदा पुन्हा हुंगली. "फार वाईट आहे रे."

आम्ही हसलो. मुलगीही हसली. त्या घरातलं मी ऐकलेलं ते शेवटचं मोठं हसू.

मग माहुल. पहाटे जायचा, अंधार पडल्यावर यायचा. आठ दिवस डोकं दुखलं, बाईने सांगितलं होतं तसंच. नंतर दुखायचं थांबलं. मुलगी क्लासला परत गेली. फ्रिजमध्ये अंडी आली. सगळं मार्गी लागलं असं लोक म्हणाले, आणि लोक खोटं बोलत नव्हते. पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला बघायला पाहुणे आले. सवयीने यालाही मामा म्हणून बसवलं. पाहुणे गेल्यावर सगळे याच्या तोंडाकडे बघत बसले.

"मुलगा चांगला आहे," तो म्हणाला.

आम्ही पुढचं वाक्य यायची वाट पाहिली. आलं नाही. त्याने बशीतला लाडू उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "बेसनाचा ना?" त्यानंतर त्याला कुणी बोलावलं नाही. दुष्टपणाने नव्हे. बघवत नव्हतं.

भिवंडीवाला शब्दाचा पक्का निघाला. दिवाळीनंतरच त्याने फोन केला. तुळशीचं लग्न झालं होतं, रविवार होता, हा आमच्याकडे चहाला बसला होता. मोबाइल वाजला, याने नाव पाहिलं. जरा वेळ वाजू दिला. मग उचलला आणि परक्यासारखं विचारलं, "कोण हवंय?" त्या माणसाचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं. कारखाना सुरू झाला, मशीन नको आहे, माणूस हवा आहे, तुमच्याकडचे ते वास ओळखणारे साहेब आहेत का, त्यांना द्या.

"ते नाहीत," हा म्हणाला.

"कधी येतील?"

"गेले ते."

 "अरेरे. कधी?"

"झाले की काही महिने."

"काय झालं होतं हो? आजारी होते?"

"नाही. कामावर होते."

तो माणूस खरोखर हळहळला. म्हणाला, अशी माणसं आता होत नाहीत, फार मोठं नुकसान झालं, घरच्यांना सांगा माझ्यातर्फे. तुम्ही कोण त्यांचे?

याने माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यभर लोकांना थापा पुरवल्या, त्या क्षणी एक सुचेना.

"शेजारी," तो म्हणाला. "सांगतो घरी."

आणि फोन ठेवून त्याने चहाचा कप पुढे ओढला.