विहिरीतलं पोहणं

एरंडोलजवळच्या आमच्या कपाशीच्या मळ्यात एक विहीर होती. गोल, भरपूर पाण्याची.

बारावीनंतर मला धुळ्याला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात जायचं होतं. तिथे आधी पोहण्याची चाचणी असे. वडिलांची, म्हणजे नानांची, अट सरळ होती: पास झालीस तर कॉलेज, नाही तर नशिराबादच्या स्थळाला होकार. स्थळ मी पाहिलं होतं. मी पोहायला लागले.

नाना काठावर बसून पोहण्याच्या पुस्तकातून वाचत आणि खाली पाण्यात मी ते करत असे. फ्रीस्टाइलमध्ये हात आळीपाळीने पुढे टाकायचे, पाय मांडीपासून हलवायचे, तोंड बाजूला वळवून श्वास घ्यायचा. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाय बेडकागत जवळ ओढून मागे झटकायचे आणि तळहातांनी पाणी दोन्हीकडे सारायचं. बॅकस्ट्रोकला पाठीवर पडून पोट वर ठेवायचं, आभाळाकडे बघायचं. आमच्याकडे आभाळात नानाही दिसत. बटरफ्लायला दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पुढे फेकायचे. ते नानांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं.

विहिरीत सरळ गेलं की लगेच दगड लागतो. म्हणून मी कडेकडेने वळत राही, घाण्याच्या बैलासारखी. दम चांगला वाढला. गावातल्या बायका म्हणत, बापाने पोरगी विहिरीत ढकलली. एरवी हे लग्नानंतर म्हणतात.

धुळ्याचा तलाव लांबट निघाला, तळाला रेघा आखलेल्या. शिट्टी झाली. मी जीव तोडून निघाले आणि डावीकडे वळले. शेजारच्या मुलीची रेघ ओलांडली, मग तिच्या पलीकडचीची, आणि जिथून निघाले होते त्याच भिंतीला सगळ्यांच्या आधी हात लावला. परीक्षक बराच वेळ शिट्टी पुसत राहिले.

नानांनी त्यांना अदबीने विचारलं, "सर, पोर बुडनी नही ना?"

परीक्षक म्हणाले, न बुडण्याची चाचणी नव्हती.

परतीच्या बसमध्ये मी रडले. हरल्याचं दुःख होतंच, पण भीती त्याहून मोठी होती. पारोळ्याला नानांनी खिडकीतून शेंगांची पुडी घेऊन माझ्या हातात दिली. मग म्हणाले, आपल्या शिवारातून पाट जातो, तो सरळ आहे, उद्यापासून तिथे जायचं. मी विचारलं, आणि तुमची अट?

नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नशिराबादवाल्यास्ले मी सांगसू, पोर आजून सरळ पोहाले शिकी राहिनी शे."